कुंपणावर पहारा कोणाचा?

कुंपणानेंच शेत खाल्लें तर दाद कोणाकडे मागावी, असा प्रश्न आपल्या पूर्वजांनीं एका म्हणींत विचारून ठेवला आहे. म्हणीनें प्रश्न विचारला, उत्तर मात्र दिलें नाहीं. पोलीस हें समाजाचें कुंपण होय. त्याच्या हातीं दंडा असतो, बंदूक असते, आणि माणसाला घरांतून उचलून नेण्याचा अधिकार असतो. हा अधिकार कोणी तरी वापरल्यावांचून समाज चालत नाहीं. आणि त्यावर कोणाची नजर नसेल तर तो समाजालाच जाचूं लागतो. शांततेच्या काळींही हा पेंच सुटत नाहीं. मग ज्या समाजांत तीस वर्षें शेजारी शेजाऱ्याचा जीव घेत होता, त्यानें तो कसा सोडवावा? उत्तर आयर्लंड या लहानशा प्रांतानें या बाबतींत जो प्रयोग केला, तो विचार करण्यासारखा आहे.

या प्रांताचा आणि आपला संबंध वरवर पाहतां दिसत नाहीं. पण पोलिसांच्या बाबतींत तो फार जवळचा आहे. रॉबर्ट पील यानें १८२९ सालीं लंडन शहरासाठीं जें पोलीसदल उभारलें, त्याच्या शिपायाजवळ बंदूक नसे. लोकांच्या संमतीवर तें चालावें अशी कल्पना होती. आयर्लंडसाठीं मात्र त्याच सरकारनें दुसरा नमुना पसंत केला. तेथील शिपाई बंदूकधारी, बराकींत राहणारा आणि केंद्राच्या हुकुमानें हलणारा असा केला गेला. सर चार्ल्स नेपियर यानें १८४३ सालीं सिंध जिंकल्यावर तेथें पोलीस उभारले ते याच आयरिश नमुन्यावर. सिंध पुढें मुंबई इलाख्यास जोडला गेला, आणि १८६१ च्या कायद्यानें हिंदुस्थानांत जी पोलीसव्यवस्था रूढ झाली तिच्यावरही या नमुन्याचा ठसा उमटला. म्हणून बेलफास्टची हकीकत मराठी माणसानें अगदींच परक्याची समजूं नये. दोन्ही घरांचे वासे एकाच रानांतले आहेत.

आयर्लंडची फाळणी १९२१ सालीं झाली. दक्षिणेचा मोठा भाग पुढें स्वतंत्र झाला, आणि ईशान्येकडील सहा परगणे ब्रिटिश राज्यांत राहिले. या सहा परगण्यांत प्रॉटेस्टंट पंथाचे लोक बहुसंख्य. ब्रिटनशीं जोडलेले राहावें ही त्यांची इच्छा. कॅथलिक अल्पसंख्य, पण संख्येनें थोडे नव्हेत; त्यांचा ओढा अखंड आयर्लंडकडे. १९२२ सालीं या प्रांतासाठीं ‘रॉयल अल्स्टर कॉन्स्टॅब्युलरी’ हें पोलीसदल स्थापन झालें. त्याच्या जोडीला जे खास शिपाई होते ते जवळजवळ सर्व प्रॉटेस्टंट. परिणाम असा झाला कीं, एका समाजाला हे आपले पोलीस वाटूं लागले आणि दुसऱ्याला ते त्या समाजाचे पोलीस वाटूं लागले. राज्याच्या पायांत ही भेग पहिल्या दिवसापासून होती.

१९६८ च्या ऑक्टोबर महिन्यांत डेरी शहरांत नागरिक हक्कांसाठीं मोर्चा निघाला. घरें वाटतांना आणि मतदानांत पक्षपात होऊं नये, अशा त्याच्या मागण्या होत्या. पोलिसांनीं मोर्चेकऱ्यांवर दंडे चालविले. तीं दृश्यें दूरचित्रवाणीवर जगानें पाहिलीं. पुढच्याच वर्षीं दंगलींनीं इतका जोर धरला कीं सैन्य बोलवावें लागलें. लॉर्ड हंट यांच्या समितीनें १९६९ सालींच सुचविलें कीं, पोलिसांच्या हातांतून शस्त्रें काढावीं, खास शिपायांचें दल मोडावें आणि पोलिसांवर एक नागरी मंडळ नेमावें. मंडळ १९७० सालीं झालें, खास शिपायांचें दलही मोडलें गेलें. पण रक्तपात वाढत गेला आणि शस्त्रें लवकरच परत आलीं. मंडळाचे सभासद सरकार नेमी, त्याच्या बैठका बहुधा बंद दारांआड होत, आणि अल्पसंख्यांचे पुढारी त्यांत बसावयास तयार नव्हते. पाटी लागली होती, पण तिच्यामागें लोकांचा विश्वास नव्हता.

पुढील तीस वर्षांत साडेतीन हजारांहून अधिक माणसें मेलीं. लोकसंख्या अवघी पंधरा-सोळा लाख. हें लक्षांत घेतलें म्हणजे या आंकड्याचें वजन कळतें. एखाद्या मोठ्या जिल्ह्याएवढ्या मुलखांत असें घर सांपडणें कठीण, कीं ज्यानें कोणाची तरी तिरडी बांधलेली पाहिली नाहीं. या मृतांत तीनशेंवर पोलीसही होते. कोणी गस्त घालतांना मेला, कोणी स्वतःच्या दारांत, मुलांच्या देखत मारला गेला. शिपायाला सकाळीं मोटारीखालीं वांकून बाँब लावला आहे कीं काय हें पाहावें लागे. म्हणून पोलिसांवर देखरेख हा विषय बोलतांना एका बाजूचेंच दुःख मांडणें अन्यायाचें होईल. पोलिसाच्या विधवेलाही न्याय हवा होता, आणि पोलिसांच्या गोळीनें ज्याचा मुलगा गेला त्या बापालाही.

तक्रार करावयाची तर ती कोणाकडे? पोलिसाविरुद्ध आलेल्या तक्रारीचा तपास दुसरा पोलीस करी. १९७७ सालीं तक्रारींसाठीं एक मंडळ झालें, १९८८ सालीं त्याच्या जागीं स्वतंत्र म्हणविणारा आयोग आला. परंतु या दोघांनाही स्वतःचे तपासनीस नव्हते. कागद पोलिसांनीं तयार करावयाचे आणि आयोगानें ते वाचावयाचे. आंबा पिकला कीं नाहीं हें झाडावर न चढतां, राखणदाराच्याच सांगण्यावरून ठरविण्यासारखा हा प्रकार होता. डॉ. मॉरिस हेझ या अनुभवी प्रशासकानें जानेवारी १९९७ मध्यें सरकारला अहवाल दिला. त्यांत त्यानें मर्मावर बोट ठेवलें: तपास करणारी माणसें पोलिसांच्या चाकरींतील नसावींत, हें पहिलें, आणि निर्णय चुकला तरी तो स्वतंत्रपणें दिला गेला आहे असें लोकांस दिसावें, हें दुसरें. पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठीं वेगळा ऑम्बुड्समन, आपल्या भाषेंत लोकपाल म्हणावा असा अधिकारी, नेमण्याची कल्पना या अहवालांतून कायद्यांत आली.

१० एप्रिल १९९८ रोजीं, गुड फ्रायडेच्या दिवशीं, बेलफास्ट येथें तह झाला. मे महिन्यांत झालेल्या लोकमतांत उत्तर आयर्लंडच्या शेंकडा ७१ मतदारांनीं त्याला होकार दिला. तहांत पुष्कळ गोष्टी ठरल्या, पण पोलिसांचा प्रश्न इतका नाजूक कीं तो तेथें न सोडवितां एका स्वतंत्र आयोगाकडे सोंपविला गेला. हाँगकाँगचे शेवटचे ब्रिटिश गव्हर्नर ख्रिस पॅटन हे त्याचे अध्यक्ष, आणि त्यांच्यासह सभासद आठ. आयोगानें गांवोगांवीं सभा घेतल्या. दहा हजारांहून अधिक लोक त्या सभांस आले आणि हजारांवर लोक उभे राहून बोलले. शिपायाची विधवा आणि पोलिसांच्या हातीं मरण पावलेल्याचे आप्त कित्येक ठिकाणीं एकाच दिवाणखान्यांत बसून एकमेकांचें ऐकत होते. कायदा करण्याच्या आधींच लोकांना बोलतें करण्याचें हें काम फार मोलाचें होय. सप्टेंबर १९९९ मध्यें १७५ शिफारशींचा अहवाल प्रसिद्ध झाला.

या शिफारशींतून उभ्या राहिलेल्या इमारतीचे खांब मुख्यतः तीन.

पहिला खांब पोलीस मंडळाचा. ४ नोव्हेंबर २००१ रोजीं जुनें दल नव्या नांवानें उभें राहिलें, आणि त्याच दिवशीं हें मंडळ अस्तित्वांत आलें. त्याचे सभासद एकोणीस. त्यांपैकीं दहा विधानसभेंतील निरनिराळ्या पक्षांचे, त्यांच्या बळाच्या प्रमाणांत. नऊ जण पक्षाबाहेरचे नागरिक. पोलिसांचा मुख्य अधिकारी निवडणें, कामाचीं उद्दिष्टें ठरविणें, खर्चावर नजर ठेवणें आणि त्या अधिकाऱ्याला उघड्या सभेंत प्रश्न विचारणें हें मंडळाचें काम. येथें पॅटन आयोगानें एक बारीक पण महत्त्वाचा भेद केला. कोणाला पकडावें, कोठें छापा घालावा, हें मंडळानें आधीं सांगावयाचें नाहीं. तो निर्णय मुख्य अधिकाऱ्याचा. पण निर्णय घेतल्यानंतर ‘हें माझें क्षेत्र, मला विचारूं नका’ असें त्यानेंही म्हणावयाचें नाहीं. घरांतील स्वयंपाक सुगरणीच्या हातीं सोंपवावा, चुलीशीं लुडबूड करूं नये; पण पान वाढल्यावर मीठ कमी कां, हें विचारण्याचा हक्क जेवणाऱ्याचा असतो. मानवी हक्कांच्या बाबतींत पोलीस कसे वागतात हें तपासण्यासाठीं मंडळानें कायदेपंडित सल्लागारही नेमले. २०२४ सालीं ब्रिटनचे पंतप्रधान झालेले केअर स्टार्मर हे पूर्वी या मंडळाचे असे सल्लागार होते.

दुसरा खांब लोकपालाचा. हें कार्यालय नोव्हेंबर २००० मध्यें उघडलें. न्युआला ओलोन या कायद्याच्या अध्यापिका पहिल्या लोकपाल झाल्या. त्यांच्याजवळ स्वतःचे तपासनीस होते, आणि तपासांत त्यांना पोलिसाचेच अधिकार होते. म्हणजे कागद जप्त करणें, जागेची झडती घेणें, जरूर पडल्यास पोलिसाला अटकही करणें. पोलिसांच्या कृतीनें कोणी मेला असें दिसलें तर तक्रारीची वाट न पाहतां प्रकरण लोकपालाकडे जावयाचें. तक्रार करणाऱ्यास खर्च नाहीं. आणि या व्यवस्थेचा दुसरा लाभ पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं: ज्या शिपायावर खोटा आळ आला, त्याची सुटका बाहेरच्या माणसानें केली म्हणजे ती लोकांना पटते. सहकाऱ्यानें दिलेल्या निर्दोषपणाच्या दाखल्याला बाजारांत किंमत नसते.

तिसरा खांब गांवपातळीचा. त्या वेळच्या सव्वीस नगरपालिका क्षेत्रांत नगरसेवक व नागरिक यांच्या समित्या २००३ पासून काम करूं लागल्या. चोऱ्या कां वाढल्या, रात्रीं गस्त कां येत नाहीं, अशा साध्या प्रश्नांवर ठाण्याच्या अधिकाऱ्यानें तेथें येऊन उत्तरें द्यावयाचीं. मोठ्या वादांवर जे एकत्र बसले नसते, ते मोटारचोरांच्या उपद्रवाविषयीं एका टेबलाभोंवतीं बसूं लागले.

इमारत उभी राहिली तरी तींत राहणारीं माणसें कोणतीं, हा प्रश्न उरलाच. तहाच्या वेळीं दलांत कॅथलिक शेंकडा आठच होते. लोकसंख्येंत मात्र ते चाळीसांहून अधिक. म्हणून दहा वर्षेंपर्यंत नवी भरती निम्मी कॅथलिकांतून आणि निम्मी इतरांतून करावी, असा नियम झाला. पात्र उमेदवार केवळ या नियमामुळें वगळले जात. त्यांचा राग खोटा नव्हता. २०११ च्या मार्चमध्यें नियम संपला तेव्हां कॅथलिकांचें प्रमाण शेंकडा तीसच्या घरांत आलें होतें. जुनें नांव गेलें, जुनें चिन्ह गेलें. नव्या चिन्हांत राजमुकुटाबरोबर आयरिश वीणा आणि तीन दलांचें शॅमरॉकचें पान, तसाच न्यायाचा तराजू, यांना जागा मिळाली. ज्यांचे आप्त जुन्या गणवेशांत मेले त्यांना हें फार लागलें. जुन्या दलास राणीनें जॉर्ज क्रॉस हें मोठें शौर्यपदक दिलें. त्यानें ती जखम कांहींशी बांधली गेली, भरली मात्र नाहीं.

नव्या व्यवस्थेची कसोटी लवकरच लागली. १५ ऑगस्ट १९९८ रोजीं, तहानंतर चारच महिन्यांनीं, ओमा या गांवच्या बाजारांत तह न मानणाऱ्या टोळीनें बाँब उडविला होता. एकोणतीस माणसें गेलीं; त्यांत एक स्त्री जुळ्यांची गरोदर होती. डिसेंबर २००१ मध्यें लोकपालांनीं या तपासावर अहवाल प्रसिद्ध केला. पंधरा ऑगस्टला ओमा येथें पोलिसांवर हल्ला होईल अशी निनावी सूचना अकरा दिवस आधीं आली होती. ती गुप्त वार्ता शाखेनें स्थानिक अधिकाऱ्यांपर्यंत पोंचविली नाहीं, आणि स्फोटानंतरच्या तपासांतही मोठ्या उणिवा राहिल्या, असें त्यांत म्हटलें होतें. ही सूचना पोंचली असती तर स्फोट टळला असता, असा दावा मात्र अहवालानें केला नाहीं. मुख्य अधिकारी संतापले. त्यांनीं अहवाल सपशेल नाकारला. सारें यंत्र येथेंच मोडेल असें वाटलें. तें मोडलें नाहीं. दोन्ही समाजांचे पुढारी असलेलें मंडळ बसलें, त्यानें दोन्ही बाजू ऐकल्या आणि बाहेरच्या दलांतील वरिष्ठ अधिकाऱ्याची नजर या तपासावर ठेवण्याचा मार्ग काढला.

याहून कठीण प्रकरण २००७ सालचें. उत्तर बेलफास्टमधील एका प्रॉटेस्टंट पित्याचा मुलगा १९९७ सालीं प्रॉटेस्टंट सशस्त्र टोळीनेंच मारला होता. पोलीस कोणाला तरी पाठीशीं घालीत आहेत, अशी या पित्याची तक्रार होती. लोकपालांच्या तपासांत दिसून आलें कीं, गुप्त वार्ता शाखा त्या टोळींतील कांहीं जणांना खबरे म्हणून पैसे देत होती. त्यांच्यावर खुनांचा संशय असल्याची माहिती जवळ असूनही त्यांना वांचवीत होती. आणि कित्येक कागद नाहींसे झाले होते. दहा खुनांशीं या खबऱ्यांचा संबंध जोडणारी माहिती आढळली. पुरावाच उरला नसल्यानें पोलिसांवर खटला झाला नाहीं. परंतु जें एक समाज वर्षानुवर्षें कुजबुजत होता, तें सरकारी अधिकाऱ्यानें शिक्क्यानिशीं सांगितलें. आणि तक्रारदार दुसऱ्या समाजाचा होता, हें विशेष. बेछूट अधिकार कोणाच्या घरावर पडेल याचा नेम नसतो, हें त्यावरून दोन्ही बाजूंस कळलें.

हा अहवाल २२ जानेवारी २००७ ला निघाला. त्याच महिन्याच्या २८ तारखेस सिन फेन पक्षानें डब्लिन येथील खास अधिवेशनांत पोलिसांना पाठिंबा देण्याचा ठराव केला, आणि थोड्याच महिन्यांत त्याचे सभासद पोलीस मंडळावर येऊन बसले. ज्यांच्या बाजूच्या बंदुकांनीं बहुसंख्य पोलीस मारले होते, त्या बाजूचा हा पक्ष. पोलीस व न्याय हीं खातीं लंडनहून बेलफास्टच्या सरकारकडे आलीं तीं २०१० सालीं. तहापासून हें अंतर बारा वर्षांचें. विश्वास हें झाड असेंच सावकाश वाढतें.

एप्रिल २०११ मध्यें ओमा येथेंच एका पंचवीस वर्षांच्या कॅथलिक शिपायाच्या मोटारीखालीं बाँब लावून त्याला ठार करण्यांत आलें. कॅथलिक तरुणांनीं पोलिसांत जाऊं नये, अशी दहशत बसविणें हा मारेकऱ्यांचा हेतु. आयरिश खेळांची जी मोठी संघटना, तिनें २००१ पर्यंत पोलिसांना सभासद होण्यास बंदी केली होती. या शिपायाच्या अंत्ययात्रेंत त्याच संघटनेच्या लोकांनीं आणि पोलिसांनीं आळीपाळीनें शवपेटीस खांदा दिला. बहुसंख्य पक्षाचे मुख्यमंत्री कॅथलिक देवळांत प्रार्थनेस बसले. मारेकऱ्यांचा हेतु त्या दिवशीं तरी फसला.

म्हणून सर्व आलबेल झालें असें मात्र नाहीं. २०११ सालीं लोकपाल-कार्यालयाच्याच तपासणींत दिसून आलें कीं, जुन्या प्रकरणांच्या अहवालांत त्याचें स्वातंत्र्य उणावलें होतें. तो तपास थांबवावा लागला, तेव्हांचे लोकपाल मुदतीपूर्वीं गेले, आणि पुढच्या लोकपालांनीं घडी पुन्हां बसविली. पहारेकऱ्यावरही पहारा लागतो तो असा. २०२३ च्या ऑगस्टमध्यें दुसरी बाजू दिसली. एका स्मृतिप्रसंगीं केलेल्या कारवाईबद्दल दोन तरुण शिपायांना पूर्वीं शिक्षा झाली होती. उच्च न्यायालयानें ठरविलें कीं ती बेकायदा होती. एक राजकीय पक्ष मंडळाचा पाठिंबा काढून घेईल, या भीतीपोटीं ती दिली गेली होती. थोड्याच दिवसांत मुख्य अधिकाऱ्यांनीं राजीनामा दिला. देखरेख ही राजकीय दबावाची दुसरी वाट होतां कामा नये, हा धडा यांत आहे. शिवाय जुन्या खुनांचा प्रश्न. ब्रिटिश पार्लमेंटनें २०२३ सालीं केलेल्या कायद्यानें १ मे २०२४ पासून त्या काळच्या प्रकरणांचा पोलीस व लोकपाल यांचा तपास बंद झाला. त्याविरुद्ध मृतांचे आप्त न्यायालयांत गेले. आपल्या माणसाचें काय झालें हें कळावें, यापलीकडे त्यांतील कित्येकांचें मागणें नव्हतें.

आपल्याकडेही या दिशेनें पाऊल पडलें आहे. प्रकाश सिंह यांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें २२ सप्टेंबर २००६ रोजीं सर्व राज्यांना पोलीस तक्रार प्राधिकरणें स्थापण्याची आज्ञा केली. महाराष्ट्रानें २०१४ सालीं पोलीस कायद्यांत दुरुस्ती करून त्याची तरतूद केली. परंतु बेलफास्टची हकीकत सांगते कीं, तरतूद ही सुरुवात होय. १९७० सालचें मंडळही कायद्यानेंच झालें होतें. त्याला स्वतःचे तपासनीस आहेत कीं नाहींत, त्याचे दरवाजे उघडे आहेत कीं बंद, अप्रिय अहवाल तें छापतें कीं कपाटांत ठेवतें, आणि ज्यांचा पोलिसांवर सर्वांत कमी विश्वास त्यांना त्यांत खुर्ची आहे काय, एवढे प्रश्न प्रत्येक अशा संस्थेस विचारावे. उत्तरें होकारार्थी आलीं तर संस्था जिवंत आहे असें समजावें.

म्हणीनें विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर त्या लहानशा प्रांतानें असें दिलें: कुंपणावर पहारा शेताच्या सर्व वांटेकऱ्यांनीं मिळून करावा, ज्यांच्यांत बांधावरून वैर आहे, त्यांनींही. एकट्यानें केला तर दुसऱ्याला तो पहारा न वाटतां पाळत वाटते. हें काम कंटाळवाणें आहे. त्यांत बैठका, कागद, उलटतपासणी आणि कडू शब्द पुष्कळ. पण तीस वर्षें रोज सकाळीं मोटारीखालीं वांकून पाहण्यापेक्षां आठवड्याला एका बैठकीस जाणें पुष्कळ बरें, हें तेथील लोकांनीं अनुभवानें ओळखलें आहे.